मोटार तळघरात, माहिती शिळी

पहाटेचे साडेचार. लालबागमध्ये एकेकाळी जेथे गिरणीचा भोंगा ऐकू येत असे, तेथे उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतीतील एखादे कुटुंब पुण्याला निघण्याच्या तयारीत असते. रात्री नऊ वाजता विजेची मोटार तळघरातील चार्जरला जोडलेली असते. झोपण्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपने 'बॅटरी ४१ टक्के, चार्जिंग सुरू, पहाटेपर्यंत पूर्ण' असे आश्वासन दिलेले असते. पहाटे पुन्हा पाहिले, तर अ‍ॅप तेच सांगत असते. ४१ टक्के, चार्जिंग सुरू. अ‍ॅप असे अडकणे नित्याचेच असल्याने कोणी मनावर घेत नाही. 'गाडी भरली असेल, अ‍ॅपच मागे राहिले असेल,' असे म्हणत सामान घेऊन सारे खाली उतरतात. मोटारीच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र आकडा असतो ४६. चार्जिंग सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात एमसीबी पडलेला असतो आणि ही बातमी तळघरातून वर पोहोचलेलीच नसते.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी अशा मोटारी वापरणाऱ्यांपैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल. त्यातील खरी गोम अशी की, अ‍ॅपने त्या पहाटे काही खोटे सांगितले नव्हते. रात्री नऊ वाजताचे सत्य त्याने पहाटे साडेचार वाजता सांगितले, एवढेच. शिळे सत्य आणि ताजे सत्य पडद्यावर एकाच अक्षरांत, एकाच रंगात दिसत असेल, तर वाचणाऱ्याने फरक ओळखायचा कसा, हा या साऱ्या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे. वरवर तो क्षुल्लक वाटतो. परंतु मोटारीची कुलपे, तिचे ठिकाण, तिची ऊर्जा आणि तिच्या मालकाची दिनचर्या हे सारे या पडद्याशी जोडले जात असताना तो क्षुल्लक राहिलेला नाही.

देशात 'जोडलेली' विजेची मोटार सर्वसामान्य मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येऊ लागली ती साधारणपणे जानेवारी २०२० पासून. त्या एकाच महिन्यात टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही या दोन मोटारी बाजारात दाखल झाल्या. दोन्हींसोबत भ्रमणध्वनीवर मोटारीची स्थिती दाखविणारे अ‍ॅप होते. पुढे महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या नव्या विद्युत मोटारी सादर केल्या, तर जुलै २०२५ मध्ये टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडून भारतात पाऊल ठेवले. सरकारी प्रोत्साहनही मिळत गेले. राज्याने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोलमाफी लागू झाली. दादरला कोहिनूर सार्वजनिक वाहनतळात २०२१ मध्येच चार्जिंगची सोय झाली होती. मोटार आली, प्लग आला, सवलत आली. त्या मोटारीची खबर मालकापर्यंत सुखरूप पोहोचण्याची व्यवस्था मात्र कोणाच्याच जबाबदारीच्या यादीत नव्हती.

पडद्यामागची साखळी

अ‍ॅप उघडले की आपण थेट मोटारीत डोकावतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मोटारीत एक छोटे संपर्कयंत्र असते आणि त्यात स्वतःचे सिमकार्ड बसविलेले असते. हे यंत्र बॅटरीची पातळी, कुलपांची स्थिती, ठिकाण, चार्जिंग सुरू आहे की बंद, ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरकडे पाठविते. सर्व्हर ती जपून ठेवतो. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप मोटारीला काही विचारत नाही, ते या सर्व्हरला विचारते. म्हणजे पडद्यावर दिसते ती मोटार नव्हे, तर तिने शेवटचे धाडलेले पत्र. मोटार, नेटवर्क, सर्व्हर आणि भ्रमणध्वनी या चार कड्यांपैकी कोणतीही एक निखळली, की पत्र जुनेच राहते आणि अ‍ॅप तेच पुन्हा वाचून दाखविते.

या साखळीत आणखी एक गुंतागुंत आहे. ती म्हणजे मोटारीची झोप. विजेच्या मोटारीत चाके फिरविणारी मोठी बॅटरी असते, तशीच नेहमीची छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दारांची कुलपे, दिवे, संगणक आणि हे संपर्कयंत्र या छोट्या बॅटरीवर चालतात. मोटार बंद करून उभी केली, की ही बॅटरी रिती होऊ नये म्हणून काही वेळाने सारी यंत्रणा निद्रिस्त होते. चार्जिंग सुरू होणे, थांबणे, दार उघडणे अशा घटना घडल्या तर ती जागी होऊन वर्दी देते, किंवा अ‍ॅपमधून 'रिफ्रेश' केल्यावर सर्व्हर तिला जाग आणणारा संदेश धाडतो. छोटी बॅटरी अशक्त असेल, तर अनेक मोटारी जागे होण्यास सरळ नकार देतात. मोटार अनेक दिवस उभी असेल, तर संपर्कयंत्र गाढ झोपेत जाते आणि प्रत्यक्ष चालू केल्याशिवाय उठत नाही. त्यामुळे अस्वस्थ मालक दर पाच मिनिटांनी 'रिफ्रेश' दाबत राहिला, तर तो ज्या बॅटरीवर ताजी माहिती अवलंबून आहे, तीच रिती करीत असतो.

ही छोटी बॅटरी किती महत्त्वाची आहे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातील आयोनिक ५ या मॉडेलच्या १,७४४ मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होते ते चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या एका घटकातील संभाव्य दोषाचे, ज्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याचा धोका होता. मोठ्या बॅटरीत कितीही ऊर्जा शिल्लक असो, छोटी बॅटरी गेली की मोटारीची वाचा जाते, आणि मालक दोष मात्र अ‍ॅपला देत बसतो.

मुंबईचा भूगोल

हा प्रश्न जगभर आहे. तथापि दक्षिण आणि मध्य मुंबईत त्याला एक खास स्थानिक रूप आले आहे. गिरगावच्या चाळींतून मोटार ठेवण्याची सोयच नव्हती. ज्याच्याकडे मोटार होती, तो ती गल्लीत लावीत असे आणि गॅलरीतून वाकून पाहिले की मोटारीची 'स्थिती' समजत असे. पुनर्विकासानंतर त्याच जागेवर मनोरे आले. परळ, लालबागच्या गिरण्यांच्या जमिनींवर निवासी संकुले उभी राहिली. अरुंद भूखंडावर उंच इमारत उभारायची तर मोटारी ठेवायच्या कोठे? उत्तर दोनच. जमिनीखाली दोन-तीन मजली तळघर, किंवा मोटारी उचलून एकावर एक ठेवणारी यांत्रिक रचना. दोन्ही ठिकाणी मोबाइलची रेंज पोहोचणे अवघड. जाड काँक्रीट, त्यातील सळ्या आणि सभोवतालची माती यांना भेदून जाताना लहरी क्षीण होतात. यांत्रिक वाहनतळात तर मोटार लोखंडी सांगाड्याच्या आत उभी असते.

या अडचणीचे सार्वजनिक रूप मुंबईने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात अनुभवले. आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा त्या महिन्यात सुरू झाला. गिरगाव, काळबादेवी ही स्थानके प्रथमच प्रवाशांसाठी खुली झाली आणि दादर, सिद्धिविनायक ही स्थानके थेट दक्षिण टोकाशी जोडली गेली. भुयारात उतरलेल्या प्रवाशांच्या हाती मात्र नेटवर्क नसलेला मोबाइल राहिला. मोबाइल कंपन्या आणि मेट्रो महामंडळ यांच्यात भुयारातील यंत्रणा कोणी आणि कोणत्या अटींवर उभारायची, याविषयी वाद होता. तिकिटाचे पैसे मोबाइलवरून भरताना अडचण येऊ लागल्याने स्थानकांवर वायफायची सोय करावी लागली. हजारो कोटी रुपयांच्या प्रकल्पाची ही कथा, तर सोसायटीच्या तळघराची दखल कोण घेणार?

विरोधाभास असा की, विजेवर चालणारे वाहन या भागाला मुळीच नवे नाही. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी अखेरची ट्राम आगारात परतली. डोक्यावरील तारेशी असलेला संबंध तुटला की ट्राम जागीच थांबत असे आणि ते रस्त्यावरच्या साऱ्यांना दिसत असे. आजच्या मोटारीचा नेटवर्कशी संबंध तुटला तरी मोटार व्यवस्थित धावते. थांबते ती फक्त तिची बातमी, आणि ते कोणालाच दिसत नाही.

दोष शोधावा कसा?

अ‍ॅपवरील माहिती शिळी आहे असा संशय आल्यावर बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती अ‍ॅप काढून टाकून पुन्हा घेण्याची. हा उपाय सर्वांत सोपा, पण अनेकदा निरुपयोगी आणि कधी कधी अपायकारक ठरतो. सर्व्हरच बंद असेल तर पुन्हा प्रवेश मिळत नाही. मोटार तळघरात असेल तर तिची नव्याने जोडणी होत नाही. म्हणजे जुनी का होईना, जी माहिती होती तीही जाते. दोष शोधण्याची पद्धत साखळीतील एकेक कडी वगळत जाण्याची हवी.

प्रथम पाहावी ती वेळ. बहुतेक अ‍ॅपमध्ये 'शेवटची नोंद' कोणत्या वेळेची आहे, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती वेळ ताजी असेल आणि तरीही आकडा चुकीचा वाटत असेल, तर दोष संपर्काचा नव्हे, मोजणीचा आहे. वेळ जुनी असेल, तर त्याच खात्याने घरातील दुसऱ्या भ्रमणध्वनीवर पाहावे. दुसऱ्यावर नवी वेळ दिसत असेल, तर दोष पहिल्या भ्रमणध्वनीत आहे. बॅटरी वाचविण्याच्या नावाखाली भ्रमणध्वनीने अ‍ॅपला पार्श्वभूमीत काम करण्यास मनाई केलेली असू शकते, अ‍ॅपची आवृत्ती जुनी असू शकते किंवा प्रवेशाची मुदत संपलेली असू शकते. अशा वेळी बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे योग्य ठरते.

दोन्ही भ्रमणध्वनींवर जुनीच वेळ असेल, तर मोटारीकडे जावे. ती बाहेर रस्त्यावर आणून काही मिनिटे चालू ठेवली आणि माहिती ताजी झाली, तर दोष ना मोटारीचा, ना अ‍ॅपचा. तो वाहनतळातील रेंजचा आहे आणि त्याचा इलाज सोसायटीच्या बैठकीत आहे, सर्व्हिस सेंटरमध्ये नाही. मोकळ्या आकाशाखालीही माहिती हलली नाही, तर मोटारीच्या पडद्यावरील नेटवर्कचे चिन्ह आणि इंटरनेटवर चालणाऱ्या तिच्या अन्य सुविधा तपासाव्यात. त्याही बंद असतील, तर सिमकार्ड निष्क्रिय झाले आहे, सेवेची मुदत संपली आहे किंवा संपर्कयंत्र अडकले आहे, असा अर्थ होतो. अनेक मोटारींत ही सेवा ठरावीक वर्षांपुरतीच मोफत असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कागदोपत्री सांगितलेली असते आणि विसरलीही जाते. मोटारीतील इंटरनेट व्यवस्थित असूनही अ‍ॅप जुनेच दाखवीत असेल आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांचीही तीच तक्रार असेल, तर दोष सर्व्हरचा. तेथे वाट पाहण्याखेरीज मालकाच्या हाती काही नसते.

मोटार अनेक दिवस उभी असेल, तर ती चालवून १२ व्होल्टच्या बॅटरीला थोडी संधी द्यावी आणि मगच निष्कर्ष काढावा. ही बॅटरी स्वतः सोडवून 'रिसेट' करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. मोठ्या दाबाची विद्युत यंत्रणा असलेल्या मोटारीत हा खटाटोप अधिकृत तंत्रज्ञांवर सोपविणेच शहाणपणाचे. सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. अ‍ॅपवरील नोंदीची वेळ आणि मोटारीच्या पडद्यावरील आकडा एकाच वेळी दिसेल अशी छायाचित्रे, तारीख आणि मोटार कोठे उभी होती याची टिपणी सोबत असावी. मोटार तेथे नेल्यावर रेंज मिळते, अ‍ॅप सुरळीत चालते आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती परत येते, असे घडण्याची शक्यता या दोषाच्या स्वरूपातच आहे.

आणखी एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सोसायटीत बसविलेल्या चार्जरला अनेकदा स्वतःची वेगळी नोंद असते. ती नसली, तरी विजेचे मीटर असते. चार्जिंग झाले की नाही, याची साक्ष मीटरचे युनिट निःपक्षपातीपणे देतात. रात्री मीटरवर एक नजर टाकणे हे आजही कोणत्याही अ‍ॅपपेक्षा अधिक विश्वासार्ह साधन आहे.

गैरसोय आणि धोका

चार्जिंग न होणे ही झाली गैरसोय. काही प्रसंगी शिळी माहिती त्यापुढे जाते. परळच्या केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालयाकडे रुग्णाला घेऊन अपरात्री निघालेल्या कुटुंबाला मोटार किती अंतर जाईल, हे आधी माहीत असणे निकडीचे असते. हिंदमाता परिसरात पाणी तुंबणे ही दादर-परळची जुनी व्यथा. महापालिकेने तेथील पाणी साठविण्यासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. त्याने दिलासा मिळाला, तरी पावसाचा नेम राहिलेला नाही. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत नोंदींतील सर्वांत लवकर दाखल झाला आणि त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी स्थानकात पाणी शिरले. अशा दिवशी तळघरातील मोटार चार्जरला जोडलेली आहे की नाही, हे कार्यालयात बसलेल्या मालकाला कळायला हवे. 'चार्जिंग बंद' असे दाखविणारा पडदा जर सकाळचा असेल, तर तो निष्काळजीपणाला निमंत्रण देतो. कुलपांचेही तेच. 'दारे बंद आहेत' हे वाक्य किती वाजताचे आहे, हे ठाऊक नसेल, तर ते वाक्य नसलेलेच बरे.

याची दुसरी बाजूही आहे. माहिती मालकाकडे शिळी पोहोचते, पण ती कोठेतरी साठत असतेच. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विद्युत मोटारींची माहिती इंटरनेटवर असुरक्षित अवस्थेत पडून असल्याचे उघड झाले. त्यांतील लाखो मोटारींची अचूक ठिकाणेही त्यात होती. २०१६ मध्ये निस्सान लीफच्या अ‍ॅपमधील त्रुटी एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिली होती. मोटारीचा ओळखक्रमांक ठाऊक असलेला कोणीही तिची माहिती पाहू शकत होता. कंपनीला ती सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. २०१७ मध्ये आणखी एका तज्ज्ञाने जाहीरपणे सांगितले की, विकून टाकलेली आपली जुनी मोटार आपल्याला अ‍ॅपवर वर्षांनंतरही दिसते आहे. जुन्या मोटारींचा बाजार वाढत असताना खरेदीखतासोबत अ‍ॅपमधील मालकी बदलणे, हा व्यवहाराचा आवश्यक भाग मानायला हवा.

कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहण्याची किंमतही जगाने पाहिली आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचा सर्व्हर कोलमडला आणि केवळ भ्रमणध्वनीलाच किल्ली मानणारे अनेक मालक मोटारीबाहेर ताटकळले. ब्रिटनमध्ये जुने टू-जी नेटवर्क निरोप घेणार म्हणून निस्सानने लीफच्या जुन्या मोटारींसाठीचे अ‍ॅप १ एप्रिल २०२४ पासून बंद केले. मोटारी धडधाकट होत्या, अ‍ॅप गेले. जून २०२४ मध्ये फिस्कर ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या सुमारे तीन हजार मोटारी घेण्यास तयार झालेल्या न्यूयॉर्कच्या एका भाडेतत्त्वावरील कंपनीपुढे पेच उभा राहिला की, या मोटारींची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून आपल्या सर्व्हरवर आणायची कशी? मोटार पंधरा वर्षे टिकते. सिमकार्डाचे नेटवर्क, सर्व्हर आणि कंपनी तितकी टिकेल, याची हमी कोणी देत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतातील ग्राहकाला आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. खरेदीच्या वेळी जाहिरातीत ठळकपणे मिरविलेली सुविधा मिळत नसेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे बहुतेक विद्युत मोटारी या कक्षेत येतात. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही उपलब्ध आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून कार्यरत असलेली संस्था याच शहरात आहे. मात्र तक्रारीत 'अ‍ॅप नीट चालत नाही' एवढेच लिहून भागत नाही. कोणती कडी तुटली, ती कोणाच्या ताब्यात होती, हे दाखवावे लागते. तळघरात रेंज नसेल, तर कंपनी मोबाइल सेवेकडे बोट दाखवील, मोबाइल सेवा इमारतीकडे आणि इमारतीची सोसायटी विकासकाकडे. ही टोलवाटोलवी थांबविणारी स्पष्ट तरतूद आज नाही.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील कंपन्यांवरील प्रमुख बंधने लागू होण्यासाठी दीड वर्षाची मुदत देण्यात आली आहे. युरोपीय महासंघाने एक पाऊल पुढे टाकले आहे. १२ सप्टेंबर २०२५ पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार, जोडलेल्या वस्तूने निर्माण केलेली माहिती मिळविण्याचा आणि ती आपल्या पसंतीच्या तिसऱ्या पक्षाला देण्याचा हक्क वापरकर्त्याला आहे. मोटारीची माहिती मोटारीच्या मालकाची, हे तत्त्व त्यात मान्य झाले. भारतात त्यावर गंभीर चर्चा व्हायला हवी.

एका बाबतीत आपल्याकडेही साधन तयार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याची नियमावली आणली. ती ऐच्छिक आहे. घर घेताना पाणी, लिफ्ट आणि पार्किंग विचारणाऱ्या मुंबईकराने तळघरातील रेंजही विचारायला सुरुवात केली, तर या मानांकनाला अर्थ येईल. राज्याच्या विद्युत वाहन धोरणांत नव्या इमारतींतील वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचा विचार आहे. 'सज्ज' या शब्दात वायरीसोबत नेटवर्कही धरले जावे, एवढी भर त्यात घालणे अवघड नाही. जुन्या सोसायट्यांना तळघरात लहरी पोहोचविणारी उपकरणे परवानाधारक मोबाइल कंपन्यांमार्फत बसविता येतात. ती परस्पर बाजारातून आणून लावणे बेकायदा आहे, हेही सोसायट्यांच्या समित्यांनी लक्षात ठेवावे.

उत्पादकांकडून अपेक्षा आहे ती त्याहून सोपी. माहिती ताजी ठेवणे दरवेळी शक्य नसते, हे समजण्यासारखे आहे. तळघराला कोणी दोष देत नाही. पण माहिती शिळी आहे, हे ठळकपणे सांगणे नेहमीच शक्य असते. नोंद तासाभरापेक्षा जुनी झाली, की आकडा फिका पडावा. 'चार्जिंग सुरू' याऐवजी 'रात्री नऊ वाजता चार्जिंग सुरू होते, त्यानंतर संपर्क नाही' असे वाक्य यावे. संपर्क तुटल्याची सूचना स्वतःहून मिळावी. यासाठी ना नवा कारखाना लागतो, ना नवा उपग्रह. लागतो तो 'माहीत नाही' असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा. आपले यंत्र सर्वज्ञ आहे, असा देखावा करण्याच्या मोहात नेमका तोच गमावला जातो.

दादर स्थानकावर उभा असलेला प्रवासी इंडिकेटरवरील वेळ पाहतो, पण गाडी फलाटाला लागेपर्यंत त्यावर पुरता विसंबत नाही. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने त्याला हा सावधपणा शिकविला आहे. विजेच्या मोटारीचा मालक अजून त्या शिक्षणाच्या पहिल्या इयत्तेत आहे. लालबागच्या त्या कुटुंबाला पुण्याला पोहोचायला दोन-तीन तास उशीर झाला असेल, एवढेच. पण पुढच्या वेळी अ‍ॅपने 'चार्जिंग थांबले' असे खरोखरच सांगितले, तरी ते त्यावर विश्वास ठेवतील का?